आजोबा सापडत नसतील तर त्यांची वाडी शोधा: जुन्या डिरेक्टऱ्यांमधून घराण्याचा माग कसा काढायचा

घराण्याची माहिती गोळा करायला बसलं की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. पणजोबा मुंबईला होते, गिरगावात कुठेतरी राहायचे, कुठल्याशा सरकारी हापिसात होते, झालं, याच्यापुढे कुणालाच काही सांगता येत नाही. कुठली वाडी, कुठलं खातं, कधी आले, कधी सोडून गेले, हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आता नाहीत. कुलवृत्तांत असेल तर त्यात नाव असतं, बायकोमुलांची नावं असतात, पण मधली सगळी वर्षं "मुंबईस नोकरी" एवढ्या दोन शब्दांत उरकलेली. ती वर्षं भरून काढायला जुन्या शहर डिरेक्टऱ्या (म्हणजे शहरातल्या लोकांची, धंद्यांची, हापिसांची नावं-पत्ते छापलेली पुस्तकं) आणि टेलिफोन डिरेक्टऱ्या फार कामाच्या आहेत, आणि आपल्याकडे त्या कुणी फारशा उघडत नाही कारण सगळ्यांना वाटतं त्यात नुसती साहेबलोकांची नावं असणार. अर्ध्याहून जास्त खरं आहे ते. तरी उरलेल्यात बरंच काम होतं.

मी मुंबईचंच धरून लिहिते, कारण छापील माल सगळ्यात जास्त मुंबईचा आहे आणि कोकणातलं, घाटावरचं, गोव्यातलं कुणी ना कुणी मुंबईत राहून गेलेलं असतंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डिरेक्टरी नातं सांगत नाही. अमुक साली, अमुक नावाचा माणूस, अमुक पत्त्यावर, अमुक काम करत होता, इतकंच ती सांगते. बायका जवळजवळ नाहीतच, मुलं नाहीत, पोटभाडेकरू नाहीत, गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस नाही, गाववाल्यांच्या खोलीत वीसजणांत झोपणारा तर नाहीच नाही. आहेत ते सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर, व्यापारी, दुकानदार, घरमालक, शाळांचे हेडमास्तर, गिरण्यांचे मॅनेजर. त्यामुळे थेट आपल्या माणसाचं नाव शोधायला गेलात तर दहातल्या नऊ वेळा हात हलवत परत याल. शोधायचं ते त्याच्या भोवतीचं, म्हणजे तो ज्या वाडीत राहायचा ती वाडी, ज्याच्या इमारतीत राहायचा तो मालक, ज्या हापिसात जायचा ते हापिस, खालचा वाणी, कोपऱ्यावरचा डॉक्टर. या सगळ्यांची नावं छापलेली असतात.

आता पुस्तकं कुठली ते सांगते. मुंबईसाठी मुख्य म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी. १८५०च्या दशकात ती बॉम्बे कॅलेंडर अँड आल्मनॅक या नावाने निघायची, पुढे टाइम्स ऑफ इंडिया कॅलेंडर अँड डिरेक्टरी झाली आणि विसाव्या शतकातही बरीच वर्षं निघत राहिली, नावं मात्र अधूनमधून बदलत गेली म्हणून लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये एकाच नावाने शोधू नका. दुसरी थॅकर्स. कलकत्त्याच्या थॅकर स्पिंक कंपनीची बेंगॉल डिरेक्टरी होती, तिची १८८५ साली थॅकर्स इंडियन डिरेक्टरी झाली, म्हणजे सगळा ब्रिटिश हिंदुस्थान एका जाडजूड ठोकळ्यात. मुंबईचा तपशील टाइम्सवाल्या डिरेक्टरीत जास्त, पण तुमचे पणजोबा नागपूर, कराची, जबलपूर, रंगून असं कुठेकुठे बदलीवर फिरलेले असतील तर थॅकर्स बघा. कराचीचं मुद्दाम लिहिलं, कारण सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मराठी घरं बरीच होती, फाळणीनंतर त्यांचे कागद मिळणं मुश्कील होऊन बसलंय.

हे सगळं मिळतं कुठे? पहिल्यांदा आर्काइव्ह डॉट ऑर्गवर बघा, तिथे बऱ्याच वर्षांचे स्कॅन फुकट आहेत, त्यातले पुष्कळ डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावाले, म्हणजे कधी पान तिरकं, कधी पान गायब, कधी शीर्षकातच वर्ष चुकलेलं, तरी चालतं. गुगल बुक्सवर एकोणिसाव्या शतकातली काही मिळतात. इंग्लंडमध्ये फिबिस म्हणून एक संस्था आहे, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांवर काम करणारी. तिच्या विकीवर कुठल्या वर्षाची डिरेक्टरी नेटवर कुठे आहे त्याच्या लिंका लावून ठेवल्यात, त्यांचा रोख गोऱ्यांच्या खापरपणजोबांवर असला तरी लिंका आपल्यालाही तेवढ्याच उपयोगी. प्रत्यक्ष पुस्तक हातात घ्यायचं तर मुंबईत एशियाटिक सोसायटी, म्हणजे टाउन हॉल, पायऱ्या चढायची तयारी ठेवा. त्यांचं ग्रंथ संजीवनी नावाचं डिजिटल पोर्टलही आहे, ते घरबसल्या आधी चाळून घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र पुराभिलेखागार, पेटिट लायब्ररी, कलकत्त्याची नॅशनल लायब्ररी, लंडनची ब्रिटिश लायब्ररी, ही पुढची ठिकाणं. लंडनला कुणाची भाची नाहीतर पुतण्या असतोच, त्याला कामाला लावा. पण कुठेही जाण्याआधी फोन करून कुठलं वर्ष आहे ते विचारा, कारण "आमच्याकडे डिरेक्टऱ्या आहेत" याचा अर्थ सलग आहेत असा नव्हे, मध्ये दहा-दहा वर्षांची भगदाडं असतात. परदेशी वंशावळवाल्या साइटींचं पैसे भरून सबस्क्रिप्शन घेण्याची घाई मात्र करू नका, आपल्या लोकांसाठी त्यात फारसं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तक उघडलं की लगेच नावांच्या यादीत उडी मारू नका. आधी अनुक्रमणिका वाचा. सुरुवातीला पंचांगासारखा भाग असतो, सण, भरती-ओहोटी, टपालाचे दर, तो सोडा (सोडवत नाही, वाचत बसतो माणूस, तो भाग वेगळा). मग सरकारी खाती, कोर्टं, म्युनिसिपालिटी, रेल्वे, शाळा-कॉलेजं, बँका, गिरण्या, मग धंद्यांच्या याद्या, आणि मग रहिवाशांच्या. काही आवृत्त्यांत रस्त्यांप्रमाणे यादी असते, ती सापडली तर सोनंच. एकच माणूस तीन ठिकाणी येऊ शकतो, खात्यात हुद्द्यासकट, वकिलांच्या यादीत पदवीसकट, रहिवाशांत पत्त्यासकट, आणि तिन्ही जोडल्यावर चित्र तयार होतं. नावापुढची अक्षरं सोडू नका. एल.सी.ई. म्हणजे मुंबई विद्यापीठाचा इंजिनियर, एल.एम. अँड एस. म्हणजे डॉक्टर, एलएल.बी. तर कळतंच. पदवी दिसली की लगेच बॉम्बे युनिव्हर्सिटी कॅलेंडर उघडायचं, त्यात वर्षवार आणि कॉलेजवार पास झालेल्यांच्या याद्या आहेत. विद्यापीठ १८५७चं, बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ची, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर. तिथून पुढच्या पदवीधरांत तुमचा माणूस असेल तर साल आणि कॉलेज दोन्ही हातात येतं. रावसाहेब किंवा रावबहादूर एका वर्षी नाही आणि पुढच्या वर्षी आहे असं दिसलं तर मधल्या काळातलं गॅझेट ऑफ इंडिया बघायचं, किताब बहुधा नववर्षाला किंवा राजाच्या वाढदिवसाला जाहीर व्हायचे, त्यामुळे शोध थोडक्या पानांवर येतो.

आता सगळ्यात डोकं खाणारा भाग, नावं. जुन्या यादीत आपल्या लोकांची नावं पुष्कळदा आडनावाने लावलेलीच नाहीत, स्वतःच्या नावाने लावलीत. आडनाव असेल नसेल, नाव आणि वडिलांचं नाव एवढंच. उदाहरण घ्या. जगन्नाथ शंकरशेट, यांचं आडनाव मुरकुटे, पण मुरकुटे म्हणून शोधलंत तर जन्मात सापडणार नाहीत. डॉ. भाऊ दाजी तर त्याहून गंमत, आडनाव लाड, खरं नाव रामकृष्ण विठ्ठल, आणि सगळं जग ओळखतं भाऊ दाजी म्हणून. एवढ्या मोठ्या माणसांची ही कथा तर आपल्या हेडक्लार्क पणजोबांचं काय! तेव्हा शोधताना चार नावं घेऊन बसायचं, पाळण्यातलं, घरात हाक मारायचे ते, कागदावरचं, आणि आडनाव. आडनावाचंही एक नाही. गावाकडे कुलकर्णी, देशपांडे, पाटील, आणि शहरात आल्यावर गावाच्या नावाला "कर" लावलेलं, असं पुष्कळ घरांत झालंय, आणि सख्ख्या दोन भावांची आडनावं वेगळी हेही झालंय.

मग स्पेलिंग. १८७०-८०च्या आधीची छपाई कानाला जसं ऐकू आलं तशी. अ साठी यू, ई साठी दोन ई, ऊ साठी दोन ओ. गणपतचं स्पेलिंग जी-यू-एन-पी-यू-टी, सखाराममध्ये के-एचच्या जागी दोन सी, नावामागे लागणाऱ्या "जी"च्या जागी जे-ई-ई, आणि कृष्ण तर सीपासून सुरू व्हायचा. व कधी व्ही कधी डब्ल्यू, त्यामुळे वाघ, वागळे, वेलणकर, वैद्य ही मंडळी दोन्हीकडे बघायची. लक्ष्मण तर चार-पाच तऱ्हेने लिहिलेला सापडतो. एक कागद घ्या, आपलं नाव जितक्या वाकड्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे लिहून काढा आणि मग सर्चला बसा. सर्चवर फार विसंबूही नका, कारण स्कॅनमधली अक्षरं मशीनने वाचलेली असतात आणि बारीक टायपात ई आणि सी, एल आणि आय यांची सर्रास अदलाबदल होते. नावाने काही मिळालं नाही तर वाडीच्या नावाने, नाहीतर हापिसाच्या नावाने सर्च करा, आणि तेही नाही जमलं तर ते प्रकरण पान पान करून डोळ्यांनी वाचा, कंटाळवाणं आहे पण खरी नावं अशीच सापडतात.

आपल्या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे तो गोऱ्या लोकांना मिळत नाही. आपल्या मधल्या अक्षरात बाप असतो. समजा एका पत्त्यावर १९१०च्या सुमारास कुणी जोशी व्ही. बी. आहेत, आणि १९३५ला त्याच पत्त्यावर जोशी एन. व्ही. दिसले, तर हा त्यांचा मुलगा असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि शेजारी जोशी डी. व्ही. असेल तर तो दुसरा मुलगा. पत्ता तोच आणि अक्षरं जुळली तरच हां, नुसत्या अक्षरांवर जोशी जुळवायला गेलात तर अख्खी मुंबई तुमची भावकी होईल. आणि एक खोडा आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. म्हणजे बळवंत विष्णू, त्यांचा मुलगा विष्णू बळवंत, त्याचा मुलगा परत बळवंत विष्णू. १८९०चे बी. व्ही. आणि १९४०चे बी. व्ही. एकच समजून नव्वद वर्षांचा क्लार्क तयार होतो. मध्ये वीसपंचवीस वर्षांचा खंड दिसला की माणूस बदललाय असं धरूनच चालायचं.

पत्त्यांकडे येऊ. गिरगावातल्या वाड्यांची नावं सुदैवाने टिकून आहेत, फणसवाडी, कांदेवाडी, झावबाची वाडी, आंग्रेवाडी, खोताची वाडी, मुगभाट, ठाकूरद्वार, त्यामुळे वाडी कळली की आजही जाऊन उभं राहता येतं, इमारत राहिली नसली तरी. रस्त्यांची मात्र नावं बदललीत. गिरगाव रोड आता जगन्नाथ शंकरशेट रोड, गिरगाव बॅक रोड म्हणजे आताचा व्ही. पी. रोड, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे रोड, हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी रोड, लॅमिंग्टन रोड म्हणजे भडकमकर मार्ग (म्हणतं कोण?), दादरचा व्हिन्सेंट रोड डॉ. आंबेडकर रोडमध्ये गेला, कॅडेल रोड वीर सावरकर मार्ग झाला, डिलाइल रोड ना. म. जोशी मार्ग. गंमत म्हणजे बदललेल्या नावांमुळे कागदाचा काळही ठरवता येतो. सँडहर्स्ट रोड घ्या. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबईचे गव्हर्नर होते, प्लेग १८९६ला आला, त्यानंतर १८९८ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि ट्रस्टने हा रस्ता गजबजलेल्या वस्तीतून काढला. म्हणजे घरातल्या एखाद्या बिनतारखेच्या पाकिटावर सँडहर्स्ट रोड असेल तर ते पाकीट विसाव्या शतकातलं, त्याआधीचं असणं शक्य नाही. आणि आता सँडहर्स्ट रोड म्हटलं की तुम्हाला स्टेशन आठवणार, पण हा रस्ता पार चौपाटीच्या बाजूपासून डोंगरीपर्यंत जायचा, आताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, तेव्हा नुसत्या रस्त्याच्या नावावरून गिरगाव की डोंगरी हे ठरवू नका, इमारतीचं नाव किंवा नंबर लागतोच.

इमारतीच्या नावाचाही भरवसा नाही. मालक बदलला की अमक्याची चाळ तमक्याची चाळ होते, आणि रहिवासी मात्र पन्नास वर्षं जुनंच नाव घेतात. त्यासाठी रस्त्याच्या यादीत शेजारच्या इमारती, कोपऱ्यावरचं देऊळ किंवा दवाखाना लिहून ठेवा, मालक बदलला तरी देऊळ हलत नाही. दादर-माटुंग्याचं वेगळं, तिथली हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही ट्रस्टच्या स्कीममधली, शिवाजी पार्क १९२५चं, म्हणजे त्या बाजूचे पत्ते साधारण तिथून पुढेच दिसायला लागतात. बीडीडी चाळी पण १९२०च्या दशकातल्या. "आम्ही चार पिढ्या दादरचे" असं कुणी म्हणालं तर पहिली पिढी आधी कुठे होती ते गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवीकडे शोधून बघा.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याच्या आधी मुंबई ४, मुंबई २८ असे विभागाचे नंबर असायचे आणि पिनकोड देताना तेच नंबर शेवटी ठेवले. मुंबई ४ म्हणजे ४००००४, गिरगाव. मुंबई २८ म्हणजे ४०००२८, दादर पश्चिम. मुंबई १४ दादर पूर्व, १९ माटुंगा, १२ परळ. जुन्या पत्रावर रस्ता पुसला गेलाय आणि नुसतं "मुंबई नं. १२" वाचता येतंय, तरी भाग कळला.

आता सगळं मांडायचं कसं. एक साधी वही नाहीतर एक्सेल शीट, डावीकडे साल, मग नाव छापलंय तसंच्या तसं, हुद्दा, पत्ता, पुस्तकाचं नाव, पान. प्रत्येक साल उघडायची गरज नाही, आधी पाच-पाच वर्षांच्या अंतराने बघा, जिथे बदल दिसेल तिथे मधली वर्षं काढा. १९०५ला आहे, १९१०ला नाही, तर ०६, ०७, ०८. पण लक्षात ठेवा, १९०८च्या डिरेक्टरीतली माहिती १९०७ची असते, कधी त्याहून जुनी, कारण पुस्तक वर्षाच्या सुरुवातीला बाजारात यायचं तर माहिती आधीच गोळा करावी लागते. आणि नाव गळलं म्हणजे माणूस गेला असं होत नाही. बदली, पेन्शन, गावी परत जाणं, भाडं परवडेना म्हणून उपनगरात जाणं, किंवा नुसता छापणाऱ्याचा कंटाळा, काहीही असेल. १८९७-९८च्या सुमाराला नाव गायब असेल तर पहिला संशय प्लेगचा घ्या, मेले असं नाही, त्या दिवसांत लोक शहर सोडून पळत होते आणि काही वर्षांनी वेगळ्या पत्त्यावर परत दिसतात.

सरकारी नोकरीतला माणूस असा गायब झाला तर सिव्हिल लिस्ट बघायची, मुंबई सरकारच्या अधिकाऱ्यांची नेमाने निघणारी यादी. हिस्टरी ऑफ सर्व्हिसेस म्हणून दुसरं प्रकाशन आहे त्यात गॅझेटेड अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बदल्या तारखांसकट. अव्वल कारकून, शिरस्तेदार यांच्यासाठी मात्र पुराभिलेखागारात खात्याच्या फायली उपसण्याला पर्याय नाही. गिरणी कामगारांचं नाव डिरेक्टरीत नसतं पण गिरणी असते, तिचे मालक, एजंट, मॅनेजर, विव्हिंग मास्टर, स्पिनिंग मास्टर सगळे, आणि गिरण्या विकल्या गेल्या की नावं बदलायची, तेव्हा आजोबा ज्या मिलचं नाव घ्यायचे ती कागदोपत्री दुसऱ्याच नावाने का आहे ते इथे उलगडतं. गोव्याकडच्या घरांसाठी एक सांगते, धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागातला पत्ता असेल आणि माणूस बोटीवर असेल तर तो घराचा पत्ता नसून गावच्या कूडचा, म्हणजे एकाच गावच्या लोकांच्या मुंबईतल्या राहायच्या जागेचा, असण्याची दाट शक्यता, आणि कूड गावागावाची वेगळी, म्हणजे कूड कळली की गोव्यातलं गाव कळलं.

टेलिफोन डिरेक्टरी हा वेगळाच प्राणी. हिंदुस्थानात कलकत्ता, मद्रास, मुंबई इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं २८ जानेवारी १८८२ला. मुंबईत खाजगी कंपनीचा कारभार होता, १९४३ला सरकारने ताब्यात घेतला, १ एप्रिल १९८६ला तो एमटीएनएलकडे गेला. स्वातंत्र्याच्या वेळी सगळ्या देशात मिळून फोन होते ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. म्हणजे मध्यमवर्गीय मराठी घरात फोन ही फार उशिराची गोष्ट, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, ज्यांना घाई आणि ऐपत ते ओवायटीत, म्हणजे ओन युअर टेलिफोन योजनेत, पैसे भरायचे. म्हणून साठ-सत्तर सालापर्यंतच्या टेलिफोन डिरेक्टरीत घरच्या माणसापेक्षा दुकानं, दवाखाने, हापिसं, वकील शोधा. नव्वदच्या आसपासची डिरेक्टरी मात्र घरच्या नावांनी भरलेली असते.

इथे आडनावाने क्रम असतो, ते सोपं. पण एक फसवाफसवी आहे. फोन ज्याच्या नावावर घेतला त्याच्या नावावर राहतो. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी डिरेक्टरीत आजोबाच, कारण नावावर करून घ्यायला कुणी त्या हापिसाच्या खेपा घालायच्या. त्यामुळे टेलिफोन डिरेक्टरीतलं नाव हा माणूस हयात असल्याचा पुरावा नाही, त्या पत्त्यावर ते कुटुंब होतं याचा पुरावा आहे. आणि मुलगा वेगळा झाला, बोरिवली-डोंबिवलीला गेला, तर त्याच्या नावाने नवीन कनेक्शन दिसतं, कुटुंब कधी फुटलं याचा अंदाज तिथून येतो.

आता पीपी नंबर. तिशीच्या आतल्यांना सांगावं लागेल, स्वतःचा फोन नसेल तर शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात पीपी लिहायचं, फोन आला की शेजारी हाक मारायचे. लग्नपत्रिका, जुन्या डायऱ्या, पत्रांच्या कडा, लेटरहेड, दिवाळी कार्डं यांच्यावर हे नंबर भरपूर सापडतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. बघा! पत्रिकेवर पीपी नंबर आहे, घरातल्या आत्याला आठवतंय की फोन खालच्या डॉक्टरांकडे यायचा, किंवा मालकांकडे, तर त्या सुमाराच्या डिरेक्टरीत तो भाग आणि डॉक्टरांच्या नावाची पानं काढायची आणि नंबर जुळवायचा. नंबर जुळला की इमारतीचा छापील पत्ता मिळाला, आणि तो डॉक्टरांचा असला तरी इमारत तुमचीच आहे. डॉक्टरांचं नावही आठवत नसेल तर नंबरच्या पुढच्या आकड्यांवरून एक्स्चेंज कळतं. त्यासाठी वेगळं पुस्तक नको, त्याच डिरेक्टरीत त्याच आकड्यांनी सुरू होणारी आठ-दहा दुकानं काढा आणि त्यांचे पत्ते बघा, सगळे ठाकूरद्वारच्या आसपास येत असतील तर तुमचाही नंबर तिथलाच. आकडे किती तेही मोजा, सहा आकडी मुंबईचा नंबर साधारण ऐंशीच्या दशकापर्यंतचा, मग सात, आणि २००० नंतर पुढे २ लागून आठ. बिनतारखेच्या पत्रिकेला एवढंही पुरतं.

टेलिफोन डिरेक्टऱ्या मिळणं शहर डिरेक्टऱ्यांपेक्षा अवघड. नवी आली की जुनी रद्दीत, घरातही आणि लायब्ररीतही. जुनी दुकानं, वकिलांची हापिसं, प्रेस, हाउसिंग सोसायटीचं कपाट, आणि फ्लोरा फाउंटनपासून दादरपर्यंतचे जुनी पुस्तकं विकणारे, इथे विचारून ठेवा. मिळाली तर सगळी उचलून आणायची जागा नसते हे मला ठाऊक आहे, हव्या आडनावाची पानं, हव्या भागातल्या दुकानांची पानं आणि मुखपृष्ठ, एवढे फोटो काढा. मुखपृष्ठ विसरलात तर साल गेलं, आणि साल नसलेला फोटो कुचकामी. ऐंशी-नव्वदच्या पानांचे फोटो फॅमिली ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकताना बाकीच्यांची नावंनंबर झाकून टाका, ती माणसं किंवा त्यांची मुलं आजही त्याच पत्त्यावर राहतात.

पुण्याचं थोडक्यात. पुण्याचा पत्ता पेठ आणि घर नंबर असा असतो, रस्ता कुणी विचारत नाही, त्यामुळे पेठ आणि घर नंबर मिळाला की सिटी सर्व्हेच्या कागदांकडे वळणं सोपं. मात्र १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून घरं आणि घरातले कागद दोन्ही वाहून गेले, आणि त्यानंतर बरीच कुटुंबं नव्या वसाहतींत गेली. १९६१च्या आधीचा आणि नंतरचा पत्ता वेगळा असेल तर कारण शोधत बसू नका, आधी पूर विचारा.

एवढं करून एक पत्ता आणि दोन-चार सालं पक्की झाली की डिरेक्टरी मिटायची आणि त्या पत्त्याजवळची शाळा गाठायची. नातं डिरेक्टरी सांगत नाही म्हटलं ना, ते शाळेचं जनरल रजिस्टर सांगतं, मुलाचं पूर्ण नाव म्हणजे बापासकट, जन्मतारीख, आधीची शाळा, कधी दाखल झाला, कधी सोडून गेला. गिरगाव-दादरच्या जुन्या शाळांत ही रजिस्टरं पुष्कळदा अजून आहेत. नुसतं "आमचे आजोबा इथे शिकले" म्हणून गेलात तर क्लार्क हात वर करतो, त्याचंही बरोबर आहे, शंभर वर्षांची रजिस्टरं कोण काढणार. तुम्ही साल सांगा, पत्ता सांगा, बापाचं नाव सांगा, अर्ज लिहूनच न्या, आणि सांगितलेल्या सालाच्या दोन वर्षं आधीचं आणि दोन वर्षं नंतरचं रजिस्टरही दाखवा म्हणून विनंती करा.